चौथ्या ओळीची खूण

"चौथ्या ओळीसमोर खूण कुठाय?" पेठे सरांनी ट्रेचं झाकण उजेडात धरलं.

यामिनीने पुढे वाकून झाकण पाहिलं. ट्रेच्या खळग्यांत वाढवलेल्या पेशींवर विषाणू सोडला, की त्या ओळीसमोर मार्करने खूण करायची, ही तिची सवय. बाकीच्या पाच ओळींसमोर खुणा होत्या आणि त्यांतल्या पेशी दोन दिवसांत मेल्या होत्या. पेशींचंच एक प्रथिन विषाणूला अडवतं, असं तिचं म्हणणं. चौथ्या ओळीतल्या पेशींना तिने ते जास्त बनवायला लावलं होतं. त्या जिवंत होत्या. खूण मात्र नव्हती.

"विषाणू घालायलाच विसरलीस, म्हणून जगल्या."

"घातला होता, सर. खूण बहुतेक स्पिरिटने पुसली गेली."

"बहुतेक?" सरांनी कचऱ्याची पिवळी पिशवी पुढे ओढली. "शंका असली की फेकायचं. मग तुझ्या संशोधनाची तीन वर्षं वाया गेली तरी."

"एकदा बघू द्या." तिने ट्रे मायक्रोस्कोपखाली सरकवला. आजवर मेलेल्या पेशी दिसल्या की तिला रडू यायचं. आता एक तरी मेलेली सापडावी म्हणून ती खळगा न् खळगा धुंडाळत होती. जिवंत. जिवंत. सगळ्या जिवंत.

"सर, मेल्यात!" ती आनंदाने ओरडली. "इथे सात-आठ मेल्यात!"

सर वाकून बराच वेळ बघत राहिले. मधोमध मेलेल्या पेशींचा ठिपका होता आणि त्याला चहूबाजूंनी घेरून जिवंत पेशी उभ्या होत्या. विषाणू आला होता. तिथेच अडला होता.

भिंगावरून डोळा न काढता सरांनी हात पुढे केला.

"मार्कर दे."