बिनगुंत्याची फेक

"अंगठा! सगळा खेळ अंगठ्याचा," असं मेव्हण्याला बजावत भाऊसाहेबांनी खाडीच्या धक्क्यावरून गळ फेकला. गळ चार हातांवर पडला, रीळ मात्र अंगठ्याखाली गरगरत राहिलं आणि तंगुसाचं, गळाच्या नायलॉन दोरीचं, घरटं झालं.

वसुधाबाईंनी नवऱ्यापुढे कात्री धरली. गुंता सोडवत बसणं भाऊसाहेबांना कमीपणाचं वाटे. ते तेवढा तंगूस कापून टाकून मोकळे होत. महिनाभर हेच चाललं होतं. दोष कधी वाऱ्याचा, कधी भरतीचा, आज मेव्हण्याच्या खोकल्याचा. रीळ आणलं तेव्हाच बाई म्हणाल्या होत्या, "अहो, तंगुसाचं टोक रिळाला बांधा ना."

"एवढा तंगूस संपतोय कशाला?" म्हणत त्यांनी तो नुसताच गुंडाळला होता.

आज मेव्हण्याला स्वतः धरलेला मासा खाऊ घालायचा शब्द दिलेला. भाऊसाहेबांनी इरेला पेटून पुन्हा गळ फेकला. अंगठा अलगद टेकलेला, रीळ गुणगुणतंय, गळ थेट खाडीच्या मधोमध! मेव्हणा टाळ्या वाजवणार, तोच अंगठ्याला उघडं रीळ लागलं आणि तंगुसाचं शेपूट सुळकन निसटून पाण्यात गेलं.

वसुधाबाईंनी बाजाराची पिशवी उचलली.

"पाहिलंस?" भाऊसाहेब मेव्हण्याकडे वळले. "एवढासासुद्धा गुंता झाला नाही!"