भर चौकात थांबायचं नाही

माफाल्दा पुन्हा भर चौकात थांबली.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरातल्या त्या चौकात सायकलींचा सिग्नल चारही बाजूंनी एकदमच हिरवा होतो. मग ज्याला जिकडे जायचं तिकडे तो सुटतो, सरळ, आडवा, तिरका. कुणी कुणाला धडकत नाही, कारण कुणी थांबत नाही. समोरचा कुठे पोचणार हे प्रत्येकाने नजरेनेच ताडलेलं असतं. माफाल्दाला मात्र समोरून कुणी आलं की वाट द्यावीशी वाटायची. आजही तिने वाट दिली, आणि मागून रूलीबाईंचं चाक धाडकन तिच्या मडगार्डवर आदळलं. एक आजोबा घंटी बडवत आणि तोंडाने काहीतरी पुटपुटत शेजारून निघून गेले.

"अगं, थांबतेस कशाला?" रूलीबाई ओरडल्या. "तू पुढे जाणार असं धरून सगळे निघालेत, आणि तुला मध्येच सभ्यपणा सुचतो."

रूलीबाई तिची घरमालकीण. म्हणजे अजून झाल्या नव्हत्या. त्यांची एक खोली भाड्याने द्यायची होती आणि दारात उमेदवार दोन, मदेइरा बेटावरची ही माफाल्दा आणि हंगेरीचा तिबोर. आठवडाभर राहा, मग बघू, असं त्या दोघांना म्हणाल्या होत्या. तिबोरला त्यांनी वरची खोली दिली, हिला बैठकीतला सोफा. शहरात खोल्यांचा दुष्काळ. खोली नाही तर कॉलेज नाही, आणि कॉलेज नाही तर बोऱ्याबिस्तर आवरून बेटावर परत.

त्या बेटावर रस्ते जिन्यासारखे उभे. तिथे सायकलीवर बसणं म्हणजे पडायची हौस. इथे तिच्या वाट्याला आलेल्या काळ्या धुडाचं सीट इतकं उंच की पाय लोंबकळायचे. हाताला ब्रेक नाही. थांबायचं तर पेडल उलटं मारायचं. वळताना हात दाखवला नाही की रूलीबाई ओरडायच्या. दिवा लावला नाही, ओरडायच्या. कुलूप नुसतंच चाकाला घातलं, खांबाला नाही, तर शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल असं ओरडायच्या. पोरीचे कान किटले. तरी खोलीपायी ती मुकाट 'चुकलं' म्हणायची.

आणि तिबोर? तो सायकलींच्या लाल रस्त्यावर मधोमध उभा राहून फोटो काढायचा. भाड्याने आणलेली सायकल शेजाऱ्यांच्या दाराला आडवी लावायचा. रूलीबाई ती स्वतः उचलून बाजूला ठेवायच्या आणि त्याला म्हणायच्या, "असू दे रे राजा, कॉफी घे." कुणाचं पारडं जड, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आज मात्र माफाल्दाचा बांध फुटला. रस्त्याच्या कडेला जाऊन तिने सायकल आदळली.

"नाही जमत मला तुमचं शहर," ती म्हणाली. "माणसं आहात की घंट्या? तिबोरला साखर आणि मला मिरची. द्या त्यालाच खोली, एकदाची."

रूलीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. सायकल उचलून तिच्या हातात दिली आणि निघून गेल्या. आठवडाभरात त्या पहिल्यांदाच गप्प बसल्या होत्या. संपलंच सगळं, असं माफाल्दाला वाटलं. तिला स्वतःच्या जिभेचा राग आला. ढकलत ढकलत ती घरी पोचली, सायकल परसात टेकवून ठेवली, आत जाऊन बॅग भरली आणि रडून घेतलं.

ती बॅग घेऊन बाहेर आली, तेव्हा रूलीबाई परसात पाना घेऊन तिच्याच सायकलीपाशी बसल्या होत्या. सीट हलवत होत्या. तिबोर उंच. आता ही सायकलही त्यालाच, त्याच्या मापाचं करत असणार. एवढीही घाई का, असं तिच्या मनात आलं.

"बस यावर," रूलीबाई म्हणाल्या.

सवयीने ती बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकले.

"तिबोरला मी सोमवारीच 'खोली मिळणार नाही' असं सांगितलं," हात पुसत रूलीबाई म्हणाल्या. "दुसरीकडे सोय होईपर्यंत पाहुणा आहे तो. पाहुण्यावर कोण ओरडतं?"

"मग मला का नाही सांगितलं?"

"आठवडाभर घसा फोडून सांगतेय, आणखी कसं सांगू? बॅग आत नेऊन ठेव, तो गेला की वरची खोली तुझी. आणि उद्या त्या चौकात थांबलीस, तर घरात घेणार नाही."