सहा पावलं आत

रोलांदबाईंनी शेतात तिसरा खड्डा खणला, फावडं बाजूला टाकलं आणि बुटाची टाच आत आपटली. खट्ट वाजलं. वरचा ताजा बर्फ भुसभुशीत होता, पण त्याखालचा थर दगडासारखा दाबला गेला होता. त्याच्या खाली त्यांची लसूणघास होती.

"ही मेली," त्या म्हणाल्या. "वसंतात इथे पिवळा पट्टा दिसेल. गाईंना काय तुमचा क्लब चारणार आहे?"

यानिक मान खाली घालून उभा होता. मागे क्लबचं, बर्फावर धावणाऱ्या स्नोमोबाइल गाड्यांसाठी वाट सपाट करायचं मशीन धडधडत होतं. ते या हिवाळ्यापासून त्याच्या ताब्यात होतं. दोन्ही फेऱ्यांना वाटेच्या खुणेचे दांडे उजव्या हाताला ठेवूनच आपण गेलो, असं त्याने हळू आवाजात सांगितलं.

"दांड्यांचं नाव काढू नकोस. दांडे आर्मां रोवतो. बावीस हिवाळे झाले, एका पावलाने चुकलेला नाही."

आर्मां शेजारीच उभा होता, हात कोटाच्या खिशात.

बावीस हिवाळे ते मशीनही त्यानेच चालवलं होतं, तेही फुकट, क्लबातल्या सगळ्यांसारखंच. मग सत्तरी उलटली म्हणून सभेत हात वर झाले आणि किल्ली मॉन्ट्रियलहून येऊन जेमतेम तीन वर्षं झालेल्या या माणसाकडे गेली. आर्मांकडे राहिले बांबूचे दांडे. तेही त्याने गिळलं असतं. पण यानिकने वाट केली ती इस्त्री फिरवल्यासारखी. पेट्रोल पंपावर लोक म्हणायला लागले, यंदा स्नोमोबाइलवर बसून मांडीवरची कॉफीसुद्धा हिंदकळत नाही. ते ऐकलं आणि आर्मांच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. बायकोने विचारलं तेव्हा त्याने सांध्यांवर ढकललं.

म्हणून त्याने या शेतातले मधले आठ दांडे उपटले होते आणि सहा पावलं डावीकडे, लसूणघासीत रोवले होते. कोऱ्या बर्फात वाट कुठे आहे हे ओळखायला नवख्याला दांड्यांशिवाय दुसरी खूण नसते. यानिकला चार शब्द ऐकावे लागतील, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण रोलांदबाई चार शब्दांवर थांबल्या नाहीत. दर पानगळीत त्या क्लबशी हात मिळवून परवानगी देतात. कागद कुठेच नाही. आता त्या म्हणाल्या की हात मी मागे घेते, उद्या फाटकाला साखळी. आर्मांने हे धरलं नव्हतं. दुसऱ्या बाजूला नुसती दलदल, ती जानेवारीतही पुरती गोठत नाही. हे शेत बंद म्हणजे गावाची वाट बंद, आणि मशीन कोण चालवतो हा प्रश्नच मिटला.

"माझीच चूक असेल," यानिक म्हणाला. "नजर हलली असेल. शेत बंद करू नका."

हे त्याचं भलेपणही आर्मांला खुपलं.

रोलांदबाईंनी फावडं उचललं. मग त्यांनी आर्मांकडे हनुवटी उडवली. "एकाच अटीवर. हा चालवेल. चढ रे, याला दाखव जरा वाट कशी करतात ते."

यानिकने लगेच केबिनचं दार उघडून धरलं.

आर्मां चढला. खुर्ची यानिकने उंच करून घेतली होती. ती त्याने आधी खाली केली. मशीनची दांडी हातात आली तशी सगळी दुखणी पळाली. मागचा लोखंडी फाळ बर्फात बसल्याचा तो ओळखीचा हिसका पाठीला लागला आणि त्याला एकदम हसू आलं. पंपावर उद्या काय बोलतील ते त्याला आत्ताच ऐकू येत होतं. फाटक, मग खोलगट भाग, मग हलकासा उजवा कल, मग समोरची दोन भुर्जाची झाडं. काहीच बघावं लागत नव्हतं. हात जुन्या वाटेने आपसूक वळत होते. त्याने शीळसुद्धा घातली.

शेताच्या टोकाला पोचल्यावर त्याने आरशात पाहिलं. मागे वाट पडली होती सरळ, सपाट, अगदी यानिकच्या तोडीची. फाटकाजवळचे दोन दांडे तिच्या उजवीकडे होते. मधले आठ डावीकडे होते.

त्याने मशीन बंद केलं. खाली उतरायचं त्याला सुचलं नाही.

रोलांदबाई नव्या वाटेवरून चालत आल्या. मधल्या एका दांड्यासमोर थांबल्या, वाट सोडून पावलं मोजत त्याच्यापर्यंत गेल्या. मग परत येऊन केबिनखाली उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. आर्मांला तो चालला असता.

"शेत बंद करत नाही," त्या म्हणाल्या. "मशीन तुमच्यातला कुणीही चालवा. दांडे मात्र यापुढे यानिक रोवेल."

एवढं बोलून त्या गोठ्याकडे निघाल्या.

यानिकने आठही दांडे उपटून काखेत घेतले, पहिला दांडा वाटेच्या उजव्या कडेला टेकवला आणि आर्मांकडे वर पाहिलं.

"काका, इथेच ना?"

आर्मांने काच खाली केली. जागा बोटभरही चुकलेली नव्हती.