काचेतलं कुंकू

त्या दिवाळीत हरेशने कंपनीच्या बोनसातून रंगीत टीव्ही आणला. धरमतरच्या मिठागरात जन्म काढलेल्या त्याच्या विधवा आईने, गोदूबाईने, नव्या वस्तूची रीत म्हणून बंद टीव्हीच्या काचेला कुंकू लावलं. काचेत दिसणाऱ्या तिच्याच कपाळावर ते नेमकं बसलं. नवरा गेल्यावर दहा वर्षांनी ती स्वतःला अशी दिसत होती.

"पोरा, लय उपकार झाले रे," ती गहिवरून म्हणाली.

"आये, काच खराब व्हते." हरेशने फडक्याने कुंकू पुसलं आणि तो शिफ्टला गेला.

गोदूबाई खाटेवर टेकली. काचेतल्या गोदूबाईच्या कपाळावर कुंकू तसंच होतं. हिने आपलं कपाळ चाचपलं. काचेतलीने हात उचललाच नाही.

"बरं झालं गो, तू राहिलीस," गोदूबाई पुटपुटली.

काचेतली हसली, आणि सरकून तिने काचेतल्या खाटेवर हिच्यासाठी जागा केली.