किंकाळीनंतर

“पुढची लावू?” तमसिननं विचारलं.

सिरिल पेगनं मान हलवली. फीत फिरली. एका बाईची किंकाळी खोलीभर झाली आणि कापल्यासारखी थांबली. पुढं नुसती कोरी फीत सरसरत राहिली.

“अंगावर काटा आला बघा,” तमसिन म्हणाली. “हीच घेऊ या?”

“पुढची लाव.”

थेम्सच्या काठावरच्या या जुनाट बंगल्यात हेरनशॉ कंपनीनं बरीच वर्षं भुताखेतांचे सिनेमे काढले. मग लोकांना भीती वाटेनाशी झाली आणि कंपनीला टाळं लागलं. आता तमसिन आणि तिच्या दोन मित्रांनी ती विकत घेतली होती. छत अजून गळत होतं. तळघरात पुठ्ठ्याची थडगी कुजून पडली होती. तरी पानगळीत नवा सिनेमा सुरू करायचाच, असं त्यांनी ठरवलं होतं. पडद्यावर कंपनीचं नाव येईल तेव्हा हेरनशॉची जुनी किंकाळी वाजायला हवी होती. ती निवडायला तमसिननं सिरिलला बोलावलं होतं. आवाजाच्या खात्यातला तो एकटाच माणूस जिवंत होता.

किंकाळी मेव्हिसची होती. सिरिलच्या बायकोची. ती कपडेपटात शिवणकाम करायची. नट्या दिसायला देखण्या, पण ओरडायला मिळमिळीत. मग पिशाच्च कुणाच्याही गळ्याला लागो, ओरडायची मेव्हिस. पडद्यावर तिचं नाव कधी आलं नाही.

फेब्रुवारीत ती गेली. हॉस्पिटलमध्ये, झोपेत. तोंडातून आवाजसुद्धा निघाला नाही.

घरात तिचे फोटो होते. आवाज कुठंच नव्हता. फोन उचलला नाही तर वाजणारा निरोपही सिरिलच्याच आवाजात होता. मशीनशी काय बोलायचं, असं ती म्हणायची. एप्रिलमध्ये एके दिवशी सिरिलला तिचं हसू आठवेना. हसतानाचा चेहरा डोळ्यांपुढं यायचा. आवाज यायचा नाही. त्यानं रेडिओ बंद केला, खिडकी लावून घेतली, डोळे मिटून बसला. तरी आला नाही. तशातच तमसिनचा फोन आला, जुन्या फिती सापडल्यात म्हणून. सिरिल त्या हसण्यासाठी आला होता. किंकाळीचं त्याला काही पडलं नव्हतं.

कारण मेव्हिस प्रत्येक किंकाळीनंतर हसायची. एवढं ओरडल्यावर तिला स्वतःचीच गंमत वाटायची. पण सिनेमात ते कसं चालणार? सिरिल ब्लेडनं आधीचं बोलणं कापायचा, नंतरचं हसू कापायचा आणि मधली किंकाळी तेवढी ठेवायचा. कापलेले तुकडे पायाशी पडायचे. संध्याकाळी झाडूवाला ते घेऊन जायचा. सिरिलला हे सगळं ठाऊक होतं. तरी कुठंतरी एखादं हसू आपल्या हातून सुटलं असेल, असं त्याला वाटत होतं.

सकाळपासून एकही सापडलं नव्हतं.

“काय सफाईनं कापलंय हो,” तमसिन म्हणाली. “नंतरचा श्वाससुद्धा ठेवला नाही.”

“पोटाचा प्रश्न होता, पोरी.”

“मग आता त्याच पोटात काहीतरी घाला. नुसता चहा चाललाय तुमचा. असेच राहिलात तर आमच्या सिनेमात भूत म्हणून घेईन.”

“प्रेत म्हणून घेतलं होतं एकदा. मेव्हिस म्हणाली, आज पहिल्यांदा तुझं काम मनापासून झालं.”

तमसिन मोठ्यानं हसली. सिरिल कान देऊन ते हसू ऐकत राहिला. तसं नव्हतं ते.

शेवटचा एकच डबा उरला होता. झाकणावर लाल पेन्सिलीची फुली होती. फुली सिरिलच्याच हातची. दिग्दर्शकानं नापसंत केलेल्या फितीवर तो फुली मारायचा आणि ती तशीच बाजूला ठेवायचा. टाकाऊ फितीला कोण ब्लेड लावत बसणार?

सिरिलनं डबा तिच्यापुढं सरकवला.

“ही अगदी पहिल्यापासून लाव,” तो म्हणाला.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एका तरुण माणसाचा. वैतागलेला.

“मेव्हिस, या वेळी हसू नकोस हं. फीत संपत आलीये. दर वेळी कापायचा वैताग येतो मला.”

तो आवाज आपलाच आहे हे कळायला सिरिलला जरा वेळ लागला.

“बरं बाबा, नाही हसत,” मेव्हिस म्हणाली.

मग किंकाळी. ती नीट सुरू झाली, पण मध्येच डगमगली आणि अर्धवट विरली. सिरिल पुढं वाकला. त्यानं दोन्ही हातांनी टेबल धरलं. फीत चालूच होती. इथं काही कापलेलं नव्हतं. खुर्ची एकदा कुरकुरली. लांब कुठंतरी दार लागलं. बाकी काही नाही. मेव्हिसनं शब्द पाळला होता. फीत संपली आणि तिचं टोक फटफटत फिरत राहिलं.

तमसिननं यंत्र बंद केलं.

“ही नाही चालायची. ओरडणंच कच्चं आहे,” ती म्हणाली. मग तिनं सिरिलकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “पण त्या बोलल्यात ना यात. थांबा, घरी ऐकायला तुम्हाला याची प्रत काढून देते. शेवटचं रिकामं तेवढं कापून टाकते.”

“ते कापू नकोस,” सिरिल म्हणाला. “तिथं ती हसू दाबतेय.”