साबणाची उकळी

“तेल,” तुळशीराम सर म्हणाले. “तेलाचं बोट लागलं की पाणी असंच गोळा होतं.”

टेबलावर जनरेटरमधले दोन जुने कार्बन, म्हणजे कार्बनचे ठोकळे होते. काडेपेटीएवढे, घासून गुळगुळीत केलेले, दोन्ही सारखेच काळेकुट्ट. कुबराने दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब टाकला होता. एकावरचा पसरला आणि आत मुरला. दुसऱ्यावरचा मात्र टुम्म गोल बसून राहिला होता.

“तेल न्हाय, सर,” तिची जोडीदारीण सोमी म्हणाली. “ही मला हातबी लावू देत न्हाय त्याला.”

“सर, दोन्ही कार्बन एकाच पाण्यात बुडवले होते,” कुबरा भराभर सांगू लागली. “अब्बांच्या डाइंगमध्ये कापडाच्या लाल रंगासाठी ‘बेस’ वापरतात ना, तो आम्ल आणि नायट्राइटमध्ये घालून बर्फात गार ठेवलेला. वीज फक्त ह्याला दिली. बॅटरीचं ऋण टोक. वीज लागली की रेणूतला नायट्रोजन वायू होऊन निघून जातो, आणि उरलेला रेणू कार्बनलाच घट्ट धरतो. मग तो पाण्याला आत येऊ देत नाही.”

“मग दिसत का नाही?”

“फार पातळ थर आहे, सर. दिसला असता तर तुम्ही म्हणाला असतात, रंग लावला.”

सरांना हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. भिवंडीतून ठाण्याच्या प्रदर्शनाला एकच प्रयोग जाणार होता; तो शाळाशाळा फिरून सर निवडणार आणि त्यांच्या यादीत त्याच्यापुढे ‘ठाणे’ लिहिणार होते. शेजारच्या टेबलावरचा ज्वालामुखी सरांना आवडलाय, हे सगळ्या वर्गाने पाहिलं होतं.

“अगं, पण रेणूने धरलंय की नुसतं वरवर लागलंय, हे कशावरून ठरवायचं?”

कुबराने थेंबाकडे पाहिलं. मग एकदम म्हणाली, “उकळते. साबणात.”

“अगो कुबरा, नको!” भिंतीशी उभे असलेले लतीफ पुढे आले. तिचे अब्बा. डाइंगमध्ये रंगारी होते, बर्फ पोचवायला म्हणून आले आणि थांबले होते. “सोपिंगला टाकू नको. माझे चांगले चांगले रंग तिथं उतरतात.”

रंगवलेलं कापड शेवटी साबणाच्या उकळत्या पाण्यात टाकायचं, ही त्यांच्याकडची रीत. वरवरचा रंग तिथे निघून जातो. कुबराने लहानपणापासून ते पाहिलं होतं. कार्बन मात्र तिने कधीच उकळला नव्हता.

“नि उकळून गेलं तर?” सोमी कानाशी पुटपुटली.

“तर सरांचं बरोबर. तेल होतं.”

स्टोव्ह पेटला. सोमीने कपड्याचा साबण किसून बीकरमध्ये टाकला. कुबराने चिमट्याने दोन्ही कार्बन आत सोडले, वीज दिलेल्याला आधी दोरा बांधून.

“ए, कार्बनचं कालवण!” ज्वालामुखीवाला मुलगा ओरडला.

“भाकरी घेऊन ये,” कुबराने मान न वळवता सांगितलं.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं. “मला खारबावच्या शाळेत पोचायचंय.”

“पोचाल, सर. चहा घ्या तोवर.”

फेस वर आला. कुबरा घाबरून ज्योत कमी करायला वाकली, तर लतीफनी तिचा हात धरला. “आता राहू दे. घातलंस ना? मग नीट उकळ. अर्धवट उकळून बाहेर काढशील तर मीच मानणार नाय.”

ते स्वतः काचेच्या कांडीने फेस खाली दाबत राहिले. ज्वालामुखीवालासुद्धा येऊन उभा राहिला.

कुबराने कार्बन काढले, स्वच्छ पाण्यात खळखळून धुतले, पुन्हा धुतले, स्टोव्हच्या उबेवर कोरडे होऊ दिले.

दोरा नसलेल्यावर थेंब टाकला. पसरला, मुरला.

आता दुसरा. तिने ड्रॉपर अगदी जवळ नेला आणि दाबला.

थेंब पडला, हलला. आणि तसाच बसला. गोल.

“या अल्ला,” लतीफ हळूच म्हणाले.

सर इतके खाली वाकले की त्यांच्या श्वासाने थेंब डुलला. त्यांनी टेबलावर टिचकी मारली. थेंब डुलला, पण पसरला नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हात पुढे केला.

“दे बघू तो ड्रॉपर. एक मी टाकतो.”

कुबराने ड्रॉपर पाठीमागे लपवला.

“आधी ठाणे लिहा, सर.”