मुद्दाम ठेवलेली चूक

'टाक' या मजकूर लिहायच्या प्रोग्रामची, म्हणजे टेक्स्ट एडिटरची, नवी आवृत्ती पाठवताना हेमांगी सुपनेकरनं सोर्स कोडमध्ये नेहमीसारखी एक बारीक चूक मुद्दाम ठेवली. बाकी सगळे प्रोग्राम आपल्या चुका आपणच निस्तरू लागल्यापासून प्रोग्रामरांशी भांडायला कुणी उरलं नव्हतं. माणसानं हातानं सांभाळलेला एडिटर हा एवढाच, आणि तो वापरणारे गडहिंग्लजचे दामूअण्णा एकटेच. चूक सापडली की अण्णांचा फोन यायचा. शिव्या देऊन झाल्या की तासभर गप्पा. दुसरा फोन हेमांगीला येतच नसे.

या खेपेला मात्र संगणकानं आगाऊपणा करून तीही चूक परस्पर दुरुस्त केली. आवृत्ती गेल्यावर तिला ते कळलं. आठवडाभर ती फोनकडे बघत बसली. शेवटी तो वाजला.

"हेमे, यंदा काहीच कसं बिघडलं नाही गं?" अण्णांचा आवाज घाबरा होता. "तू बरी आहेस ना?"